नगरसेवक ते खासदार : तिकीट कुणी काढलं?



मागच्या लेखात आपण सिनॉप्सिससाठी विषय लहान कसा करायचा ते पाहिलं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की विषय लहान केला, पण त्यातून प्रश्न कसा काढायचा? आज माझ्याच विषयाचं उदाहरण घेते. यात मी जी चूक केली ती तुम्ही करू नये, एवढाच हेतू.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं, ‘नगरसेवक ते खासदार : मुंबईतील राजकीय नेतृत्वाचा प्रवास (१९४९ ते १९८०)’. भारदस्त वाटतं ना? मलाही वाटलं होतं. सादरीकरणाला बसले, दहा मिनिटं बोलले. समितीतल्या एका सरांनी चष्मा काढला आणि विचारलं, “प्रवास म्हणताय, मग तिकीट कुणी काढून दिलं ते कुठं आहे यात?”

सगळे हसले. मीही हसले. घरी जाताना लोकलमध्ये वही उघडली आणि हसू गेलं. कारण वहीत खरोखरच तेवढं एक नव्हतं. माझ्याकडे नावं होती, पदं होती, सालं होती. अमुक साली नगरसेवक, तमुक साली खासदार. या दोन तारखांच्या मध्ये मी एक बाण काढला होता. तो बाण म्हणजेच संशोधनाचा प्रश्न होता, आणि मी तो उत्तर म्हणून वापरला होता.

हा दोष इतिहासाच्या अभ्यासात फार होतो. शेवट आपल्याला आधीच माहीत असतो. त्यामुळे त्याआधीचं सगळं आयुष्य त्या शेवटाची तयारी वाटायला लागतं. १९६१ साली गटारीच्या प्रश्नावर भांडणाऱ्या नगरसेवकाला १९६७ दिसत नव्हतं. ते आपल्याला दिसतं. हे एकदा लक्षात आलं की साधी साधी माहितीसुद्धा वेगळी दिसते.

पहिला धक्का : क्रमच चुकला

माझ्या यादीतलं पहिलं नाव स. का. पाटील यांचं. मी लिहिलं होतं : १९४९ ते १९५२ मुंबईचे महापौर, १९५२ मध्ये दक्षिण मुंबईतून लोकसभेवर, पुढे केंद्रात मंत्री. छान चढती कमान. पहिली पायरी पालिका, दुसरी दिल्ली.

मॅडमनी (माझ्या गाईड) एवढंच विचारलं, “संविधान सभेची यादी पाहिलीस का?” पाहिली. मुंबई प्रांताच्या सदस्यांमध्ये स. का. पाटील यांचं नाव आहे. म्हणजे लोकसभेची पहिली निवडणूक होण्याआधीच हा माणूस दिल्लीच्या सभागृहात बसलेला होता. शिवाय महापौर होण्याच्या आधीपासून मुंबई प्रदेश काँग्रेस कमिटी त्यांच्या हातात होती. शहरात काँग्रेसचं तिकीट कुणाला मिळणार, निवडणुकीसाठी पैसा कुठून उभा राहणार, हे त्या कमिटीत ठरायचं. महापौरपदाने त्यांना मोठं केलं असं म्हणण्यापेक्षा आधीच मोठा असलेला नेता महापौर झाला, असं म्हणणं जास्त बरोबर.

मुंबईच्या महापौरपदाकडे किती सत्ता असते हेही पाहायला हवं. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यानं कारभाराची सूत्रं आयुक्तांकडे दिली. महापौर सभागृहाचा अध्यक्ष आणि शहराचा पहिला नागरिक. मान मोठा, पण अंमलबजावणी आयुक्तांची. खर्चाच्या चाव्या स्थायी समितीकडे. आणि त्या काळात महापौरपद एका वर्षाचं असायचं, पाटील सलग तीन वेळा निवडून आले. एका वर्षाच्या मानाच्या पदावरून कुणी थेट दिल्ली गाठतं, हे गणित मुळातच जुळत नव्हतं. मी पदाचं नाव पाहिलं होतं, पदाचं काम पाहिलं नव्हतं.

तुमच्या वहीत आजच एक ओळ लिहून ठेवा : प्रत्येक पदासमोर ‘या पदावरच्या माणसाला नेमकं काय करता येत होतं’ असा एक रकाना हवा.

दुसरा धक्का : पूर्वी खरंच पूल होता

मग मी थोडी मागे गेले. आणि एक मजेशीर गोष्ट सापडली. नगरपालिकेतून वरच्या सभागृहात जाण्याचा रस्ता एके काळी कायद्यानेच बांधलेला होता.

१८९२ च्या कायद्यानंतर प्रांतिक विधिमंडळावर सदस्य सुचवण्याचा अधिकार काही संस्थांना मिळाला. मुंबई महानगरपालिका ही त्यातली एक. त्या वाटेने फिरोजशहा मेहता प्रांतिक कौन्सिलात गेले आणि तिथल्या बिनसरकारी सदस्यांच्या पाठिंब्यावर पुढे मध्यवर्ती कौन्सिलात. इथे ‘नगरसेवक ते वरचं सभागृह’ हा शब्दशः एक दुवा आहे. पालिकेचे सदस्य हेच मतदार. मेहतांनी पालिकेच्या सभागृहात कमावलेला दबदबा तिथेच मतात बदलत होता.

त्याच्याही आधी पालिकेत बसलेले दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले, अवघ्या पाच मतांनी. पण तिथले मतदार फिन्सबरीचे. मुंबईच्या पालिकेत आपण काय काम केलं होतं याचं त्यांना काय? एकाच शहराच्या पालिकेतले दोन माणसं, एकाला पूल मिळाला, दुसऱ्याला नवं गाव वसवावं लागलं.

हा पूल नंतर गेला. स्वातंत्र्यानंतर पालिकेलाही प्रौढ मतदान आलं, लोकसभेलाही आलं. आता पालिकेचा सदस्य लोकसभेसाठी कुणाला ‘पाठवू’ शकत नाही. दोन्हीकडे मतदार तोच, पण मतदारसंघाचा आकार वेगळा. वॉर्डात काही हजार घरं, लोकसभेला लाखो मतदार. आपल्या वॉर्डातला प्रत्येक माणूस ओळखत असला, तरी लोकसभेच्या मतदारसंघातल्या बाकीच्या वॉर्डांना तो नगरसेवक अनोळखीच.

म्हणजे खरा प्रश्न हा : कायद्यातला पूल गेल्यावर, एका वॉर्डाचा माणूस लाखो अनोळखी मतदारांपर्यंत पोचतो तो कशाच्या जोरावर?

हा प्रश्न सापडला तेव्हा सिनॉप्सिसचं दुसरं पान लिहिता आलं.

१९६७ : एक निकाल, दोन नगरसेवक

आता माझ्या आवडत्या प्रसंगाकडे येते. फेब्रुवारी १९६७. दक्षिण मुंबई. एका बाजूला स. का. पाटील, माजी महापौर, तीन वेळा खासदार, केंद्रात पाटबंधारे, वाहतूक, अन्न, रेल्वे अशी खाती सांभाळलेले. दुसऱ्या बाजूला संयुक्त समाजवादी पक्षाचे जॉर्ज फर्नांडिस, वय ३६, १९६१ पासून मुंबई महानगरपालिकेचे नगरसेवक. मंगळूरहून १९४९ च्या सुमारास मुंबईत आलेला, सुरुवातीला चौपाटीच्या बाकांवर झोपलेला हा मुलगा. निकाल तुम्हाला माहीत आहे. जॉर्ज जिंकले आणि ‘जायंट किलर’ झाले.

या निवडणुकीचा एक किस्सा सगळे सांगतात. पाटील म्हणाले, मला देवसुद्धा हरवू शकत नाही. त्यावर समाजवाद्यांनी शहरभर पोस्टर लावली, की देव हरवू शकत नसेल, पण तुम्ही हरवू शकता. किस्सा झकास आहे. व्याख्यानात टाळ्या घेतो. मीही सिनॉप्सिसच्या पहिल्याच परिच्छेदात घातला होता.

मॅडमनी पेन्सिलने बाजूला लिहिलं, ‘मग?’

खरंच, मग काय? किस्सा खरा धरला, तरी तो निकालाचं कारण सांगत नाही. पोस्टर वाचून लोकांनी मत बदललं, असं आपण गृहीत धरतो. किश्श्याचा उपयोग वेगळा आहे : लोकांना त्या निवडणुकीची कोणती आठवण जपावीशी वाटली ते त्यातून कळतं. उद्दाम मोठा माणूस आणि मतपेटीपुढचा साधा माणूस, ही ती आठवण. किस्सा टाकून देऊ नका, पण त्याला कारणाच्या खुर्चीत बसवू नका.

कारणं शोधायची तर आधी चौकट पाहावी लागते. १९६७ हे वर्ष काँग्रेसला देशभर जड गेलं. लोकसभेत पक्ष २८३ जागांवर आला, अनेक राज्यांत सत्ता गेली. आधीची दोन वर्षं दुष्काळाची, धान्यटंचाईची. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. त्याच निवडणुकीत शहराच्या गिरणगावातून कॉ. डांगेही निवडून आले. तेव्हा जॉर्ज ‘नगरसेवक होते म्हणून’ जिंकले असं म्हणण्याआधी विचारा, ते नगरसेवक नसते तर?

आता उलट बाजू. १९५७ पाहा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीनं मुंबई पेटलेली. पाटील यांचा मुंबई महाराष्ट्रात जायला उघड विरोध. त्या वर्षी महानगरपालिकेत संयुक्त महाराष्ट्र समितीची सत्ता आली, आचार्य दोंदे महापौर झाले. शहराच्या मध्य भागातून डांगे लोकसभेवर गेले. आणि दक्षिण मुंबईतून? स. का. पाटीलच निवडून आले. १९६२ लाही आले. एकाच शहरात, एकाच वर्षी पालिकेचा कौल एकीकडे आणि लोकसभेच्या एका जागेचा कौल दुसरीकडे. ‘पालिका जिंकली की दिल्ली सोपी’ हे सूत्र इथेच मोडतं.

अजून एक सापळा. १९६२ आणि १९६७ ची ‘दक्षिण मुंबई’ एकच आहे असं समजू नका. मध्ये मतदारसंघांची पुनर्रचना झाली होती. नाव तेच, हद्द वेगळी असू शकते. नुसत्या टक्केवाऱ्या शेजारी शेजारी ठेवून ‘मतं इतकी घटली’ असं लिहिलं की व्हायव्हाला कुणीतरी नकाशा मागणारच.

मग जॉर्जकडे होतं काय? नगरसेवकपद होतं, पण त्याच्या कितीतरी पट मोठी गोष्ट म्हणजे कामगार संघटना. टॅक्सीवाले, पालिकेचे कामगार, हॉटेलांत काम करणारी पोरं. टॅक्सीवाल्याचा वॉर्ड कुठला सांगा बरं? तो दिवसभर सगळ्या शहरात फिरतो. पालिकेचा सफाई कामगार राहतो एकीकडे, झाडतो दुसरीकडे. ही माणसं वॉर्डाच्या रेषा रोज ओलांडत होती. नगरसेवकाला वॉर्डाबाहेर ओळख मिळाली ती यांच्यामुळे, असं मला वाटतं. आणि सभागृहातली जागा त्या संघटनेच्या उपयोगी पडली. कामगारांचा प्रश्न रस्त्यावर मांडायचा, मग तोच आतमध्ये मांडायचा. पालिकेत ते १९६८ पर्यंत होते, म्हणजे खासदार झाल्यावरही वर्षभर नगरसेवक राहिले. माझा तो एका पदावरून दुसऱ्या पदावर जाणारा बाण इथेही चुकतो. दोन्ही पदं एकत्र होती.

शेवटी १९७१. जॉर्ज त्याच दक्षिण मुंबईतून हरले. १९७७ मध्ये तुरुंगातून निवडून आले ते बिहारमधल्या मुझफ्फरपूरहून. कमावलेला जनाधार बँकेतल्या ठेवीसारखा राहत नाही. दर निवडणुकीला नव्याने उभा करावा लागतो. पाटील यांच्या बाबतीतही तेच : मुंबईत हरल्यावर ते पुन्हा लोकसभेत गेले ते गुजरातच्या बनासकांठामधून, पोटनिवडणुकीत. ज्या शहराचे ते अनभिषिक्त राजे म्हणवले जात, त्या शहरातून नव्हे.

सोळा वर्षं

इथपर्यंत माझ्या वहीत दोन पुरुष होते. १९६१ च्या पालिकेची यादी पुन्हा वाचताना मला लाज वाटली. त्याच वर्षी त्याच सभागृहात आणखी दोघीजणी निवडून आल्या होत्या, ज्या पुढे खासदार झाल्या. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर.

तारखा समोर ठेवा. जॉर्ज : १९६१ ते १९६७, सहा वर्षं. मृणालताई : १९६१ ते १९७७, सोळा वर्षं. अहिल्याताई : १९६१ ते १९७७, सोळा वर्षं. १९६८ मध्ये पालिकेत आलेल्या प्रमिला दंडवते १९८० मध्ये लोकसभेत गेल्या, बारा वर्षं.

चारच नावं आहेत, यावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे आधी कबूल करते. पण प्रश्न नक्की विचारता येतो. एकाच सभागृहातून निघालेल्या एकाला सहा आणि दोघींना सोळा वर्षं का लागली? ‘तिकीट कुणी काढलं?’ हा सरांचा प्रश्न इथे बोचायला लागतो.

मृणालताईंचं काम गोरेगावचं. गोरेगाव मुंबईच्या हद्दीत आलं १९५७ मध्ये, तेव्हा हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढवली गेली. हद्द कागदावर वाढते तेवढ्या वेगाने नळ येत नाहीत. उपनगरातल्या बायका हंडे घेऊन उभ्या असायच्या. पाण्यासाठी मोर्चे काढून काढून त्यांना नाव पडलं ‘पाणीवाली बाई’. अहिल्याताई कम्युनिस्ट चळवळीतल्या, परळच्या कामगार वस्तीत बायकांची संघटना बांधलेल्या.

आता पाणी हा प्रश्न कुणाचा? पालिकेचा. पाण्याचा हंडा घेऊन तुम्ही आयुक्तांच्या दारात जाऊ शकता. दिल्लीला जाऊन काय सांगणार? ज्या प्रश्नावर यांची ओळख उभी होती, तो प्रश्नच पालिकेच्या हद्दीत संपत होता. शिवाय पाणी, रेशन, रॉकेल हे ‘बायकांचे प्रश्न’, म्हणजे लहान प्रश्न, असं राजकारणातल्या पुरुषांना वाटायचं. संप, गोदी, गिरणी हे मोठे प्रश्न.

१९७२ मध्ये हे बदललं. दुष्काळ, धान्याची टंचाई, भडकलेले भाव. मुंबईत ‘महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती’ उभी राहिली. समाजवादी, मार्क्सवादी, कम्युनिस्ट, आणि पक्षाशी काही घेणंदेणं नसलेल्या गृहिणी एकत्र आल्या. लाटणी घेऊन मोर्चे निघाले, थाळ्या वाजल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते या तिघीही त्यात पुढे होत्या.

लाटण्याचा मोर्चा म्हणून आपण हसून पुढे जातो. जरा थांबा. धान्याचा साठा, आयात, वाटपाचा कोटा, रॉकेलचा पुरवठा हे कुणाच्या हातात? केंद्र सरकारच्या. म्हणजे स्वयंपाकघरातला प्रश्न पालिकेच्या दारातून उठून थेट दिल्लीच्या दारात जाऊन बसला. प्रश्नाची हद्द बदलली. आणि ज्या बायका दहा वर्षं त्या प्रश्नासोबत होत्या, त्यांची ओळखही त्याच्यासोबत वॉर्डाबाहेर गेली. नळ वॉर्डात असतो, पण महागाई प्रत्येक घरात असते. त्याच वर्षी मृणालताई विधानसभेवर निवडून आल्या.

त्यानंतर आणीबाणी. दोघीही तुरुंगात गेल्या. मार्च १९७७ च्या निवडणुकीत मृणालताई उत्तर मुंबईतून जनता पक्षाच्या, अहिल्याताई उत्तर-मध्य मुंबईतून मार्क्सवादी पक्षाच्या उमेदवार म्हणून जिंकल्या. ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा तेव्हाची. घोषणेची गंमत पाहा : त्यात दिल्ली आहे, पण ओळख अजून पाण्याचीच.

तर माझा सध्याचा दावा असा आहे. स्त्री-नगरसेविकांच्या बाबतीत व्यक्ती एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर चढली असं नाही. त्यांनी धरून ठेवलेला प्रश्न पालिकेच्या हद्दीतून राज्याच्या आणि देशाच्या हद्दीत गेला, तेव्हा त्याही गेल्या. त्याला वेळ लागला, कारण असा प्रश्न देशाचा आहे हे मान्य व्हायलाच वेळ लागला. स. का. पाटील यांच्याकडे पक्षयंत्रणा होती, जॉर्जकडे संघटना. यांना प्रश्न मोठा होण्याची वाट पाहावी लागली.

या दाव्याच्या विरोधात काय जातं तेही सांगते, नाहीतर समिती सांगेल. एक, १९७७ ही लाट होती, लाटेत बरेच जण तरले. दोन, मृणालताईंच्या मागेही समाजवादी पक्ष आणि गोरेगावातलं पक्कं काम होतं, नुसता प्रश्न नव्हता. तीन, महागाईविरोधी चळवळीतल्या बाकीच्या कार्यकर्त्या खासदार का झाल्या नाहीत? तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे अजून नीट उत्तर नाही. प्रबंधाचं चौथं प्रकरण त्यासाठीच राखून ठेवलंय.

जे गेले नाहीत, आणि जे परत आले

मुंबई महानगरपालिकेत आज २२७ जागा आहेत. मुंबईत लोकसभेच्या जागा सहा. सहाच्या सहा खासदार माजी नगरसेवक असले, तरी २२१ जण उरतातच. आपण सहांचा अभ्यास करतो आणि म्हणतो ‘नगरसेवक खासदार कसे होतात’. उरलेल्या २२१ जणांकडेही वॉर्ड होता, पक्ष होता, मोर्चे होते. ज्यांना वाट सापडली नाही त्यांना वगळून वाटेचा अभ्यास होत नाही. आपल्या विषयात ‘न घडलेल्या’ गोष्टींसाठी एक कोपरा ठेवाच.

आणि परत येण्याचं काय? मृणालताईंना १९७७ मध्ये केंद्रात मंत्रिपद देऊ केलं गेलं, त्यांनी ते घेतलं नाही, असं त्यांच्याविषयी सांगितलं जातं. ते सोडा, पण १९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत होत्या, आणि पुढची कित्येक वर्षं नागरी निवारा परिषदेतून गोरेगावात सामान्यांच्या घरांसाठी झटत होत्या. माझ्या जुन्या तक्त्यात त्यांचं आयुष्य १९७७ ला संपत होतं, कारण तक्त्याचं शेवटचं स्टेशन दिल्ली होतं. त्यांचं नव्हतं.

आज हे का महत्त्वाचं? महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. म्हणजे मुंबईत निम्म्या जागांवर बायका. लोकसभेत स्त्रियांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, पण तिचा अंमल जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेनंतर. उद्या या जागा आल्या, की वॉर्डात पाणी, कचरा, शाळा यांवर काम केलेल्या हजारो बायका पात्र उमेदवार असतील. तिकीट त्यांना मिळेल, की कुणाच्या तरी सुनेला, मुलीला? १९६१ च्या त्या सोळा वर्षांचा अभ्यास मला या प्रश्नासाठी हवा आहे. त्यात भर अशी, की मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर मुंबई महानगरपालिकेवर प्रशासक बसला आणि तीन वर्षांहून जास्त काळ शहराला एकही नगरसेवक नव्हता. हंडा घेऊन जायला बाईला दारच नव्हतं, तर तिचा प्रश्न पुढे दिल्लीला जाणार कुठून?

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमच्या गावातलं, तालुक्यातलं एक नाव घ्या. नगरपालिका, जिल्हा परिषद, पंचायत समिती, काहीही चालेल. तिथून जो किंवा जी लोकसभेला उभी राहिली, निवडून आली की नाही याने फरक पडत नाही. मग इतकं करा :

१. सगळी पदं सालांसकट लिहा. एकाच वेळी असलेली पदं शेजारी लिहा, खाली नको.

२. प्रत्येक पदाला अधिकार काय होता ते कायद्यात वाचा, चरित्रात नाही.

३. दोन निवडणुकांच्या मधल्या वर्षांची वर्तमानपत्रं चाळा. त्या माणसाचं नाव कोणत्या प्रश्नासोबत येतं? तो प्रश्न कोणत्या सरकारच्या हातातला आहे?

४. निवडणूक आयोगाचे निकाल पाहताना मतदारसंघाची हद्द त्या वर्षीची आहे का ते तपासा.

५. त्याच सभागृहातला, तेवढ्याच कुवतीचा, पण पुढे न गेलेला एक माणूस शोधा. हे सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात उपयोगी.

सभागृहाची इतिवृत्तं मिळाली तर सोन्याहून पिवळं. कंटाळवाणी असतात, पण त्यांना शेवट माहीत नसतो. १९६१ चं इतिवृत्त १९६१ मध्येच थांबतं. आपल्याला तेच शिकायचंय.

माझ्या सिनॉप्सिसचं नवं शीर्षक आता ‘प्रवास’ शब्दाशिवाय आहे. सरांनी दुसऱ्यांदा वाचलं आणि म्हणाले, “आता तिकिटाची चौकशी तरी सुरू झाली.” मंजुरी मिळाली.

पुढच्या लेखात इतिवृत्तं कशी वाचायची, त्यावर बोलू. तोवर गृहपाठ करा, आणि पाचव्या मुद्द्यापाशी अडलात तर जरूर कळवा. मीही तिथेच अडले आहे.